पळालेली टेकडी

"साहेब, टेकडी गेली जी," शंभूदादा म्हणाला.

शेळी हरवली असती तर त्यानं यापेक्षा जास्त आरडाओरडा केला असता. मी टेबलावर ओणवा होऊन पट्टीतून नजर लावत होतो. नदीच्या पलीकडे एक बोडकी टेकडी उन्हात आरामात बसली होती, सगळ्यांना दिसत होती. माझ्या कागदावर मात्र त्या दिशेला नुसतं रान होतं. चार दिवसांपूर्वी मी टेकडी काढली होती ती भलतीकडेच.

"गेली म्हणजे कुठं गेली?"

"आता तुमीच काढली, तुमालेच मालूम."

मी चष्मा पुसला. पट्टी पुन्हा लावली, नवी रेघ ओढली, जुन्या रेघेला भिडवली. दोन्ही रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं टेकडी असायला हवी, हा आमच्या धंद्याचा साधा नियम. रेघा छेदल्या त्या भर नदीत. माझ्या नकाशाप्रमाणे टेकडी काठ सोडून पाण्यात उतरली होती आणि पाय भिजवत बसली होती.

"परवा इंगोलेसाहेब तपासणीला येणार आहेत," मी म्हणालो.

"मंग आज धरून आना तिले," शंभूदादानं उपाय सांगितला आणि तंबाखू मळायला घेतली.

ही अडुसष्ट सालातली गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो, मोजणी खात्यात कच्च्या नोकरीवर लागलो होतो, आणि चांद्याच्या पूर्वेला पार जंगलात, पालझरी नावाच्या नदीचा नकाशा काढायला मला धाडलं होतं. बरोबर दोन माणसं. एक शंभूदादा नैताम, पन्नाशीचा गोंड माणूस. तो आमचा खलाशी, म्हणजे बोटीवरचा नव्हे, सामान वाहणारा. आमच्या खात्यात त्याला खलाशीच म्हणत. दुसरा फत्तूजी आचारी, ज्याला वरण सोडून काही येत नसे, आणि त्या पंधरवड्यात तर त्याच्या वरणातही दाताखाली कचकच येत होती.

आमचं काम ऐकायला सोपं आहे. तिकाटण्यावर एक सपाट पाट बसवायचा, त्याला प्लेन टेबल म्हणतात. त्यावर कागद ताणायचा. होकायंत्राच्या सुईनं टेबल उत्तरेला जुळवायचं आणि पट्टीतून दिसेल त्या वस्तूकडे रेघ ओढायची. मोकळ्या मुलखात चार डोंगर दिसतात, त्यांच्यावरून चूक पकडता येते. पालझरीच्या काठानं बांबूशिवाय काही दिसत नसे. तिथं सगळा भरवसा त्या बोटभर सुईवर. आणि एक रिवाज होता, कडक: टेबलाला मोजणीदाराखेरीज कुणी हात लावायचा नाही. खलाशानं ते खांद्यावरून वाहून आणायचं, पण पाटाला, कागदाला आणि पाटाखाली लटकणाऱ्या पेन्सिलींच्या कापडी खिशाला शिवायचं नाही. मी हा रिवाज शंभूदादाला रोज सकाळी सांगत असे. नव्या नोकरीची मस्ती, दुसरं काय.

इंगोलेसाहेबांची तपासणी पार पडली तर नोकरी पक्की होणार होती. नाहीतर कचेरीच्या तळघरात रेकॉर्ड सांभाळायला परत. त्या तळघरात माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं काढली होती. अण्णा नकाशांवरची धूळ झटकत, वाळवी मारत, गुंडाळ्यांना चिठ्ठ्या लावत. नकाशातलं एकही गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्या कचेरीची एक पद्धत होती, छापील नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत मोजणी करणाऱ्याचं नाव यायचं. मी निघालो तेव्हा अण्णा स्टँडवर सोडायला आले होते. गाडी सुटताना खिडकीला धरून म्हणाले, "मुकुंदा, कोपऱ्यात 'पाथरकर' दिसू दे रे. एकदा भिंगातून बघतो आणि मग मी मोकळा."

हे म्हणताना त्यांच्या पुढच्या दातांतून हवा गेली. त्यांचा समोरचा दात नकाशाची पितळी नळी पडून तुटला होता. एकतीस वर्षांच्या सेवेची तेवढीच खूण.

आता या दाताचा आणि टेकडीचा संबंध आहे, म्हणून सांगतो.

पालझरीच्या वाळूत सोनं आहे. फार नाही, पण आहे. इंग्रज साहेबाच्या काळात एका कंपनीनं तिथं यंत्रं आणली, काठ खणले, आणि एका पावसाळ्यात सगळं टाकून पळाली. त्यांचा एक गंजका बॉयलर अजून झाडाच्या मुळांत अडकलेला होता, त्यात घोरपड राहत होती. कंपनी गेली, पण सोनझरी गेले नाहीत. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकडाच्या उथळ परातीत वाळू धुऊन सोन्याचे कण काढतात. मैनाबाई त्यांतली. साठीची, काटक, दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभी.

आम्हाला वरून सक्त ताकीद होती की सोन्याच्या भानगडीत कुणी पडायचं नाही. मी पहिल्या आठवड्यातच पडलो. मैनाबाईच्या परातीत शेवटी काळी, जड, चमचमणारी रेती उरते ती मी पाहिली, आणि माझ्या डोळ्यांपुढे तुटक्या दाताच्या जागी अण्णांना बसवायचा सोन्याचा दात चमकला. दोन अंघोळीचे साबण देऊन मी दोन शेर काळी रेती घेतली.

"का करता जी हिचं?" मैनाबाईनं विचारलं होतं.

"अभ्यासाला," मी म्हणालो.

ती जे हसली, ते मला तेव्हा भोळेपणाचं वाटलं.

तर टेकडी पळाली त्या दुपारी मी डोकं धरून काठावर बसलो होतो. पाचावर धारण बसली होती. नकाशा पुन्हा पाहिला, तर एकटी टेकडीच नव्हे, नदीसुद्धा नको तिथं वळली होती. वरच्या दोन मैलांत पाच वळणं होती, आणि शंभूदादा शपथेवर सांगत होता की तिथं नदी सरळ आहे.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी तं म्हनले, कागदाकडं पाहू नोको."

तेवढ्यात मैनाबाई पाण्यातून वर आली आणि आमच्याजवळच सावलीत टेकली. परात मांडीवर घेतली, ओचा सोडला आणि त्यातून एक घोड्याच्या नालेसारखं लोखंड काढलं. जत्रेत मिळतं तसलं लोहचुंबक. ते तिनं परातीवरून हळूच फिरवलं. काळी रेती टणाटण उड्या मारून लोहचुंबकाला चिकटली, दाढीसारखी लोंबायला लागली. परातीत मागे उरले ते चारपाच पिवळे कण. ते तिनं ओल्या बोटानं टिपले आणि दाढी झटकून फेकून दिली.

मी त्या दाढीकडे बघत राहिलो. मग टेबलाकडे बघितलं. टेबलाच्या पाटाखाली पेन्सिलींचा कापडी खिसा लोंबत होता. कुणीही हात लावायचा नाही असा, जगातला सगळ्यांत सुरक्षित खिसा. त्यात पेन्सिलींखाली, सुईच्या बरोबर टीचभर खाली, माझी दोन शेर रेती होती. टेबल वाहताना ती कधी डावीकडे सरकायची, कधी उजवीकडे. आणि पंधरा दिवस माझी उत्तर दिशा अण्णांच्या दातामागे धावत होती.

"मैनाबाई," मी विचारलं, "या रेतीत सोनं असतं ना?"

"असतं ना जी. पर थे आमी आधी काढून घेतो."

"मग मला दिली त्यात?"

"त्यात काई नाई. मी तं फेकतच होती. तुमी साबन देल्ला." तिला माझी खरोखर दया आली असावी. "का करता म्हनून इचारलं, तं कोनी खरं सांगत नाई. तुमचा आचारीबी घेऊन गेला. दाळीच्या डब्यात ठेवतो म्हने."

पंधरा दिवसांच्या कचकचीचा असा उलगडा झाला. मी शंभूदादाकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"मालूम होतं."

"मग सांगायचं नाही?"

"टेबलाले हात लावू नोको म्हनले. मी तोंडबी लावलं नाई," तो शांतपणे म्हणाला.

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, ओरडायला जागाच नाही. मी खिसा उपडा केला. रेती नदीत गेली. मग आम्ही टेबल उचललं आणि खालच्या घाटापासून काम नव्यानं सुरू केलं. तो दिवस, दुसरा दिवस, उजेड असेपर्यंत. फत्तूजीनं गुपचूप डबा नदीत रिकामा केला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा वरण गिळता आलं. टेकडी जागेवर आली. खालची चार मैल नदी सुधारली. वरची दोन मैल राहिली, पाच खोट्या वळणांसकट. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी इंगोलेसाहेब आले.

वामनराव इंगोले म्हणजे खात्यातलं बडं प्रस्थ. त्यांनी कुणाची पाव रेघ चुकलेली कधी माफ केली नव्हती. ते खालच्या घाटानं दोन दिवस मुक्काम करत आले होते. कडक इस्त्री, टोपी, आणि उन्हानं लालभडक नाक.

"साहेब, आपली छत्री?" मी विचारलं. ती छत्री सगळ्या खात्याला ठाऊक होती.

"नदीत वाहून गेली," ते तुटकपणे म्हणाले. "टेबल लाव. बघू काय दिवे लावलेत."

मी टेकडी दिसते त्या जागी टेबल लावलं. सुई उत्तरेला स्थिर झाली. साहेब जवळ आले, टेबलाला पोट लावून वाकले, आणि सुई वळली. तिनं सरळ साहेबांच्या पोटाकडे तोंड केलं.

"उत्तर जुळवलेली नाही," साहेब म्हणाले.

"होती साहेब, आत्ताच..."

त्यांनी टेबल फिरवून सुईशी जुळवलं, पट्टी लावली, आणि माझी दोन दिवस घाम गाळून जागेवर आणलेली टेकडी पुन्हा पळाली. साहेब दुसऱ्या बाजूला गेले. सुई त्यांच्या मागोमाग गेली. ते मागे सरले, सुई मागे. ते पुढे आले, सुई पुढे. वासरू गाईमागे फिरावं तशी ती त्यांच्या पोटामागे फिरत होती. शंभूदादानं उपरणं तोंडात कोंबलं.

"पाथरकर, ही अख्खी नदी चुकलीय!"

"साहेब, आपण जरा चार पावलं लांब उभे राहता का?"

"का?"

काय सांगणार? साहेब, आपल्या पोटात लोखंड आहे? मला सगळं कळून चुकलं होतं, पण कळून उपयोग काय? बोललो तर वरिष्ठांचा अपमान, गप्प बसलो तर तळघर. अण्णांची खुर्ची अजून रिकामीच होती, तिच्या गादीला त्यांच्या बैठकीचा खड्डाही तसाच होता.

"ऊन... म्हणजे आपली सावली कागदावर पडते," मी चाचरलो.

"सावलीनं टेकडी हलते होय रे?" साहेब गरजले आणि त्यांनी लाल पेन्सिल काढली. त्या पेन्सिलीनं एकदा फुली मारली की नकाशा रद्द.

नेमकी त्या वेळी नदीकाठानं एक मोठी काळी छत्री डुलत डुलत आली. छत्रीखाली मैनाबाई. पाण्यात उतरायच्या आधी ती टेकडीच्या पायथ्याशी निवांत बसली आणि छत्री आमच्याकडे कलती केली. त्या काळी लोक छत्री बदलू नये म्हणून तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव घालून घेत. बोटभर उंचीची ठळक अक्षरं होती: वा. रा. इंगोले.

मी वाचलं. मी वाचलेलं साहेबांनी पाहिलं. लाल पेन्सिल हवेतच राहिली.

नकाशावर नाव घालायचं तर तपासणी अधिकाऱ्यानं ते स्थानिक माणसाला स्वतः विचारायचं, असा नियम होता. माणूस गोंधळला की नियमाला धरून ठेवतो. साहेबांनी खाकरून विचारलं, "ए बाई, या टेकडीला काय म्हणतात?"

मैनाबाईनं त्यांना ओळखलं. तिचा चेहरा फुलला.

"आधी काई नोव्हतं म्हनत जी. आता आमी छत्रीवाल्या साहेबाची टेकडी म्हनतो. तुमी देल्ली ना छत्री, तिच्याच सावलीत बसतो इथं. पोटाले बांधली का रेती? सांडली तं नाई ना?"

शंभूदादा उपरण्यासकट बांबूत शिरला.

"मी जरा जाऊन येतो," साहेब म्हणाले आणि एका मोहाच्या झाडाआड गेले. बराच वेळ खसखस आवाज येत राहिला. परत आले तेव्हा त्यांचं पोट चार बोटं कमी झालं होतं आणि सदऱ्याची इस्त्री मोडली होती. ते टेबलाशी वाकले. सुई जागची हलली नाही. त्यांनी पट्टी लावली, रेघ ओढली. रेघ टेकडीच्या माथ्यातून सुतासारखी गेली.

"बरोबर आहे," ते खाली बघत म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, "नातीचं बारसं आहे रे. म्हटलं, गुंजभर तरी निघेल."

मला त्यांची इतकी कीव आली की हसू पळालं. माणूस इतका मोठा, आणि फसला माझ्यासारखाच.

"आण, बाकीचं बघत नाही," ते घाईनं म्हणाले. "सही करतो. छान काम. मला उन्हाच्या आत निघायला हवं."

त्यांनी नकाशा ओढला, पेनचं टोपण काढलं. वरच्या दोन मैलांतली पाचही वळणं त्यांच्या मनगटाखाली होती. मी गप्प राहिलो असतो तर ती तशीच छापून आली असती. त्या जंगलात येऊन नदीची वळणं मोजणार कोण? पण मला अण्णा दिसले, भिंग घेऊन कोपऱ्यातलं नाव शोधणारे. नाव सापडल्यावर ते थांबणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. ते बोटानं अख्खी नदी चालून बघणार होते. मुलगा जिथं जिथं गेला तिथं तिथं.

"साहेब," मी म्हणालो, "वरची दोन मैल नदी चुकलेली आहे."

पेन थांबलं. "कशानं?"

"माझी पिशवी टेबलाखाली होती. आपल्यासारखीच. फक्त मी पोटाला बांधली नव्हती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं नाक आणखी लाल झालं, गाल थरथरले. मला वाटलं, संपलं. आणि ते जे हसत सुटले, की टोपी पडली, चष्मा पडला, शेवटी ते टेबलालाच धरून उभे राहिले. रिवाज मोडला, पण मी काही बोललो नाही. मैनाबाई दुरून त्यांच्या हसण्यात सामील झाली. कशावर हसतोय हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"तीन दिवस देतो," डोळे पुसत साहेब म्हणाले. "आणि मीही थांबतो. सुईचं काय सांगावं?"

ते खरंच थांबले. बिनछत्रीचे, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, माझ्याबरोबर त्या दोन मैलांत बांबू तोडत चालले. मैनाबाईनं छत्री परत करायचा विषय काढला नाही, आणि साहेबांनीही नाही. नावांच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'छत्री टेकडी'. शेजारी सही ठोकली.

नकाशा छापून यायला दोन वर्षं लागली. तोवर नोकरी पक्की झाली होती. मी गुंडाळी घेऊन घरी गेलो. अण्णांनी ती जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि भिंग घेऊन ओणवे झाले. 'मु. गो. पाथरकर'. ते इतकं बारीक होतं की मुंगी बसली तर झाकलं जाईल. त्यांनी ते तीनदा वाचलं.

मग, मला वाटलं होतं तसंच, त्यांचं बोट नदीवर टेकलं आणि खालच्या घाटापासून निघालं. बॉयलरपाशी थांबलं. छत्री टेकडीपाशी थांबलं.

"ही छत्रीसारखी दिसते का रे?"

"नाही. पण तिच्यावर एक छत्री असते."

बोट पुढे सरकलं, सरळ नदीवरून सरळ, कागदाच्या कडेपर्यंत. मग अण्णांनी मान वर केली. आयुष्यभर तळघरात बसलेला तो माणूस, त्याचे डोळे भरून आले होते.

"मुकुंदा, तू खरंच एवढं सगळं चाललास?"

"दोनदा," मी म्हणालो.

"चल, काहीतरीच," अण्णा म्हणाले आणि तुटलेल्या दाताच्या फटीतून, मला आजवर कुठल्याही सोन्यात दिसलं नाही असं, लखलखीत हसले.